पाक मरीनने बोट पकडली तर काय करायचं : खलाशी, घरचे आणि बोटमालक यांच्यासाठी

पावसाळी बंदी उठली की डहाणू, तलासरी, पालघर या तालुक्यांतले तरुण मोठ्या संख्येने ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट गुजरातची, मालक गुजरातचा, आणि जाळं ओढणारे हात पालघरचे. कच्छमधल्या जखाऊ बंदराच्या पुढे सर क्रीक खाडीच्या तोंडासमोर अशी बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने पकडली की सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. इकडे पाड्यावर मात्र अर्ज कुठे द्यायचा, कुणाला विचारायचं हेच कुणाला ठाऊक नसतं. हा लेख त्या घरच्यांसाठी आहे. गावात या प्रकरणांचं काम नव्याने हातात घेणाऱ्या कार्यकर्त्यासाठी आणि उत्तरेच्या पट्ट्यात पहिल्यांदा बोट पाठवणाऱ्या मालकासाठीही आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. बोट परत मिळणं जवळजवळ कुणाच्याच हातात नसतं. माणूस कधी परत येतो हे बऱ्याच अंशी दोन पुराव्यांवर अडतं: तो भारतीय असल्याचा कागद आणि बोट नेमकी कुठे पकडली याची नोंद. बोट बंदरातून निघण्याआधी या दोन्हींची तयारी अर्ध्या दिवसात होते. पकडल्यानंतर तेच जमवायला महिने जातात.

आधी रेषा समजून घ्या

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. तिथे त्या देशाचे कायदे जमिनीवरच्यासारखेच चालतात. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र असतं. तिथे मासळीवर हक्क त्या देशाचा असतो, पण तो समुद्र त्याची 'भूमी' नसते. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे कोर्टाच्या भागात तो कामाला येतो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातली सागरी हद्द आजवर ठरलेलीच नाही. सर क्रीक ही कच्छच्या रणातली ९६ किलोमीटरची खाडी. १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा आणि नकाशाचा आधार घेऊन पाकिस्तान म्हणतं की हद्द पूर्व काठावरून जाते. भारत म्हणतो ती खाडीच्या मधल्या प्रवाहातून जाते. खाडीच्या तोंडाशी हद्दीचा शेवटचा बिंदू कुठे, यावर एकमत नाही, म्हणून तिथून समुद्रात जाणारी रेषा कुठून सुरू करायची यावरही नाही. जीपीएसवर दिसते ती रेषा मानीव आहे. पाण्यात ना बोया, ना खांब. त्यामुळे बोट पकडली की पाकिस्तान मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सी, जिला किनाऱ्यावर सगळे पाक मरीन म्हणतात, सांगते की बोट आमच्या हद्दीत होती. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सांगतो की आम्ही आमच्याच बाजूला होतो. कधी दोघंही आपापल्या रेषेप्रमाणे खरं बोलत असतात.

रामेश्वरकडच्या मच्छीमारांचे व्हिडिओ पाहून कुणी सल्ला देत असेल तर तो इथे लागू करू नका. श्रीलंकेबरोबरची हद्द १९७४ आणि १९७६ च्या करारांनी ठरलेली आहे. तिथले खटले वेगळ्या कायद्याखाली चालतात आणि सुटकेची वाटही वेगळी आहे.

घर सोडण्यापूर्वी

खलाशाने गाडीत बसण्याआधी घरी एक पिशवी तयार करायची. तिच्यात आधार कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि चार पासपोर्ट फोटो. मच्छीमार ओळखपत्र असेल तर त्याचीही प्रत. मूळ कागद घरी ठेवायचे, बोटीवर प्रती न्यायच्या. बोट पकडली की फोन, पाकीट, कागद सगळं जातं आणि सहसा परत येत नाही.

या कागदांवरची नावं जुळतात का ते त्याच दिवशी बघा. आधारवर 'सुरेश', रेशन कार्डावर 'सुऱ्या', मतदार यादीत बापाचं नाव वेगळं, असं आदिवासी पाड्यांत सर्रास असतं. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण बोट पकडल्यावर इस्लामाबादहून आलेली खलाशांच्या नावांची यादी घेऊन पोलीस गावात चौकशीला येतात तेव्हा ते कागदावरचं नाव शोधतात. आधारमधली दुरुस्ती गावाजवळच्या केंद्रात होते, ती करून मगच निघा.

त्याबरोबर एक चिठ्ठी लिहून घरी ठेवायची: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक (गुजरातच्या बोटीवर तो 'आयएनडी-जीजे' अशा अक्षरांनी सुरू होतो आणि केबिनच्या बाजूला रंगवलेला असतो), मालकाचं पूर्ण नाव आणि फोन, तांडेलाचं नाव, बंदर, उचल किती घेतली, महिन्याचा पगार किती ठरला. ज्या मुकादमाने भरती केली त्याचाही नंबर लिहा. घरच्यांना मालकाचं आडनावसुद्धा माहीत नसतं, आणि बोट पकडल्यावर मुकादमाचा फोन बंद लागतो.

गुजरातमध्ये बोट बाहेर पडताना मत्स्यव्यवसाय खात्याचं टोकन घ्यावं लागतं आणि त्यावर खलाशांची नावं असतात. दर फेरीला त्या टोकनाचा फोटो काढून घरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ऐनवेळी एक खलाशी आजारी पडतो, त्याच्या जागी दुसरा चढतो आणि टोकनावर जुनंच नाव राहतं. मग बोट पकडली की खात्याच्या यादीत एक माणूस आणि तुरुंगात दुसरा. ज्याचं नाव टोकनावर नाही त्याच्या घरच्यांना सरकारच्या दैनिक मदतीपासून राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक टेबलावर स्वतःला सिद्ध करावं लागतं. टोकनावर आपलं नाव नसेल तर बोटीवर चढू नका. अठरा वर्षांखालच्या पोराला तर पाठवूच नका.

मालकाने बोटीवर काय ठेवावं

जीपीएस हल्ली प्रत्येक बोटीवर असतो, पण त्यात रेषा नीट भरलेली नसते. हद्दीचे आकडे तटरक्षक दलाकडून किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयातूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी भरू नका. भरताना अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांची गल्लत करू नका. २३ अंश ३५ मिनिटं हा आकडा कुणी २३.३५ असा भरला, तर तो प्रत्यक्षात २३ अंश २१ मिनिटं होतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे चूक सरळ १४ मैलांची. यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटम (आकडे मोजायची पद्धत) 'डब्ल्यूजीएस-८४' आहे ना, तेही तपासा.

तटरक्षक दलाने मानीव रेषेच्या अलीकडे मासेमारीबंदीचा पट्टा ठेवलेला आहे. जीपीएसचा गजर रेषेवर लावू नका, त्या पट्ट्याच्या अलीकडच्या कडेवर लावा. का, ते हिशेबाने पाहा. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, ओढताना बोट ताशी तीन मैलांच्या आसपास चालते आणि एक ओढ साधारण तीन तासांची असते, म्हणजे एका ओढीत नऊ मैल. रेषेच्या दिशेने जाळं टाकलं आणि तांडेलाला डुलकी लागली, तर पाच मैलांचं अंतर पावणेदोन तासांत संपतं. या पट्ट्यात ओढ नेहमी रेषेला समांतर किंवा रेषेकडे पाठ करून घ्यायची. रात्री सुकाणूवर एकटा माणूस ठेवायचा नाही.

इंजिन बंद पडणं हे दुसरं मोठं कारण. कच्छच्या आखाताबाहेर भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो, त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी वाढतो. ताशी दोन मैलांच्या प्रवाहात बंद बोट अडीच तासांत पाच मैल वाहत जाते. म्हणून इंजिन बंद पडलं की दुरुस्तीला हात घालण्याआधी नांगर टाकायचा. पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट दोर बोटीवर हवा. तोकड्या दोराने नांगर घसरतो आणि बोट तशीच वाहत राहते. डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, इंपेलर, इंजेक्टरचे पाइप हे सुटे भाग प्रत्येकी दोन तरी ठेवा. यांतला एकही भाग महाग नाही. त्यांच्यावाचून आठ माणसं कराचीत पोचू शकतात.

व्हीएचएफ वायरलेस चॅनल १६ वर कायम चालू ठेवा. ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा किनाऱ्यावर कळवणारं यंत्र, बसवला असेल तर तो बंद करू नका. मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून काही तांडेल तो बंद ठेवतात. बोट कुठे पकडली हे सांगणारी, पाक मरीनच्या हाती न लागणारी एकुलती एक नोंद मात्र त्यातूनच किनाऱ्यावर पोचते. जीपीएसमधला मागोवा बोटीबरोबरच जातो. ट्रान्सपाँडर नसेल तर दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, जवळच्या दुसऱ्या बोटीला वायरलेसवरून आपलं अक्षांश-रेखांश सांगायचं आणि त्या बोटीने ते वहीत वेळेसकट लिहायचं. एकाच मालकाच्या किंवा एकाच बंदराच्या बोटींनी असं ठरवून घेतलं की नंतर साक्षीला कागद मिळतो.

पाक मरीनची बोट दिसली तर

ती लांब असेपर्यंत वेळ असतो. जाळं वर घ्यायला सुरुवात करा, तोंड आपल्या किनाऱ्याकडे वळवा आणि त्याच वेळी चॅनल १६ वर बोला. हिंदीत, हळू, हे पाच मुद्दे दोनदा सांगा: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, अक्षांश-रेखांश, किती माणसं, काय होतंय. इस्रोचं आपत्ती-सूचना यंत्र असेल तर बटण दाबा. मोबाइलला रेंज असली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर लागतात, पण त्या पट्ट्यात रेंजचा भरवसा धरू नका.

जवळच्या बोटींनी ऐकलं की त्यांनीही तेच पुढे सांगायचं, नुसतं पळून जायचं नाही. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी 'काल भैरव' ही बोट पाक मरीनच्या जहाजाने पकडली तेव्हा दुसऱ्या एका मच्छीमार बोटीकडून आलेल्या हाकेवर तटरक्षक दलाचं जहाज धावलं आणि सातही मच्छीमार परत मिळाले. बोट बुडाली, माणसं वाचली.

जहाज अगदी जवळ आलं, थांबायचा इशारा झाला, तर इंजिन बंद करा. गोळीबार होतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला ओख्याच्या 'जलपरी' बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गेला. धडक देऊ नका, समुद्रात उड्या मारू नका, काही फेकू नका. सगळ्यांनी डेकवर हात दिसतील असं बसायचं.

नंतर विचारपूस होते. आपलं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा हे आधारवर आहे तसंच सांगायचं, प्रत्येक वेळी तेच. घाबरून खोटं नाव सांगितलं तर तेच नाव यादीत जातं आणि पुढे भारतात त्या नावाचा माणूस सापडत नाही. पाड्याचं नाव सांगताना महसुली गावाचं नावही सांगा. पाड्याची नावं डझनभर गावांत सारखी असतात. वाचता येत नाही अशा कागदावर अंगठा मागितला तर आधी वाचून दाखवायला सांगा. तो हक्क आहे, मिळेलच असं नाही, पण मागायचा.

किनाऱ्यावर पहिले दोन दिवस

बातमी आधी मालकाला किंवा बंदरातल्या मच्छीमार मंडळाला कळते. मालकाने त्याच दिवशी गुजरात मत्स्यव्यवसाय खात्याला आणि तटरक्षक दलाला लेखी कळवायचं: टोकन, खलाशांची यादी, शेवटची माहीत असलेली जागा आणि वेळ, ज्यांनी वायरलेसवर ऐकलं त्या बोटींची नावं. गोळीबार झाला असेल तर पोरबंदरच्या नवी बंदर सागरी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवा. गुजरात किनाऱ्यापासून १२ मैलांपलीकडचे गुन्हे तिथे नोंदवले जातात.

घरच्यांनी मालकाच्या भरवशावर थांबू नये. महाराष्ट्रातला खलाशी असेल तर महाराष्ट्राच्या कार्यालयांत त्याची नोंद आपणच करायची, कारण बोट गुजरातची असल्याने कागद आपोआप पालघरला येत नाहीत. अर्ज एकच, प्रती पाच: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय पालघर, तहसीलदार, खासदार. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारीख. अर्ज लांबवू नका, एवढं पुरे:

"मी ..., रा. ..., पाडा ..., ता. ..., जि. पालघर. माझे पती/मुलगा ..., वय ..., आधार क्रमांक ..., हे ... (बोटीचं नाव), नोंदणी क्रमांक ..., बंदर ..., मालक ... यांच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. दिनांक ... रोजी ही बोट पाकिस्तान मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सीने पकडल्याचे आम्हाला ... कडून समजले. ते भारतीय नागरिक आहेत. ओळखीचे पुरावे, फोटो व टोकनाची प्रत सोबत जोडली आहे. राष्ट्रीयत्व पडताळणीसाठी आवश्यक ते कागद आम्ही कधीही सादर करू. त्यांना वकिलाती भेट मिळावी व सुटका व्हावी यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला कळवावे, तसेच कुटुंबाला शासनाची मदत मिळावी, ही विनंती."

आजार असेल, औषध चालू असेल, तर त्याच अर्जात लिहा आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडा. पुढे ते फार उपयोगी पडतं.

याशिवाय परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. गावातला शिकलेला पोरगा हे अर्ध्या तासात करतो. मिळालेला क्रमांक जपून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक पत्रव्यवहार त्या क्रमांकावर होतो.

या दिवसांत पत्रकार येतात. माणसाचं नाव, गाव, बोट सांगा, फोटो द्या. बोट 'पलीकडे गेली असेल' असा अंदाज मात्र कुणी बोलू नये. जे बोटीवर नव्हते त्यांना ते ठाऊक नसतं. आणि दलालही येतात: कराचीत ओळख आहे, पन्नास हजारांत सोडवतो. सुटकेसाठी कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. असा माणूस आला तर त्याचा नंबर पोलिसांना द्या.

कराचीत काय होतं

पाक मरीन खलाशांना कराचीच्या डॉक्स पोलीस ठाण्याच्या ताब्यात देतं, मग कोर्ट आणि लांढीतला मलीर तुरुंग. इथे तो १२ मैल आणि २०० मैलांचा फरक पुढे येतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम ७३ सांगतं की अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैद देता येत नाही. वाजवी हमी घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडावी लागतात, आणि ज्या देशाची बोट त्याला ताबडतोब कळवावं लागतं. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मंजूर केला. पण खलाशांवर मासेमारीच्या कायद्याबरोबर १९४६ चा परकीय नागरिक कायदाही लावला जातो: परवान्याशिवाय देशात शिरले म्हणून. प्रादेशिक समुद्रात कलम ७३ चं संरक्षण नाही. म्हणून बोट किनाऱ्यापासून किती मैलांवर पकडली, ही नोंद वकिलासाठी आणि आपल्या मंत्रालयासाठी महत्त्वाची. ट्रान्सपाँडरचा मागोवा आणि शेजारच्या बोटीची वही इथे कामाला येते. नंतर सगळ्यांनी मिळून आठवून लिहिलेल्या जबाबाला तेवढं वजन नसतं.

हा करार मोडला म्हणून हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाकडे कलम २९२ खाली जाता येतं. पण तिथे ज्या देशाची बोट तो देश जातो किंवा त्याच्या वतीने कुणी जातं, खलाशी किंवा मालक स्वतःहून जाऊ शकत नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात हा मार्ग कधी वापरला गेलेला नाही. त्यावर आशा ठेवून वकिलांना पैसे देऊ नका.

कोर्टाची शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. मुक्काम मात्र वर्षांचा होतो. शिक्षा आणि सुटका यांच्यामध्ये राष्ट्रीयत्वाची पडताळणी बसलेली असते, आणि कार्यकर्त्याचं खरं काम तिथेच आहे.

वकिलाती भेट म्हणजे आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याने तुरुंगात येऊन कैद्याला भेटणं. २१ मे २००८ चा तिच्याबद्दलचा करार पाठ करून ठेवण्यासारखा आहे. दोन्ही देशांनी दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलाती भेट मिळायला हवी. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व नक्की झालं की एका महिन्यात सोडायचं. आजारी कैद्यांसारख्या खास प्रकरणांत माणुसकीच्या आधारावर आधीही सोडता येतं. करार चांगला आहे, तो पाळला जात नाही. भारताची कराचीत वकिलात नाही, इस्लामाबादहून अधिकारी येतात, आणि दोन देशांचं बिनसलं की भेटी लांबतात. कैद्यांसाठी दोन्ही बाजूंच्या निवृत्त न्यायमूर्तींची समिती २००७ मध्ये नेमली गेली होती. तुरुंगांना तिची शेवटची भेट २०१३ मध्ये झाली.

वकिलाती भेटीत खलाशी आपली माहिती सांगतो, अर्ज भरला जातो. तो परराष्ट्र मंत्रालयाकडून गृहखातं, राज्य, जिल्हा असा उतरत पोलीस ठाण्यात येतो आणि शिपाई पाड्यावर चौकशीला येतो. याच साखळीत कागद अडतात. यादी आधी उर्दूत, मग इंग्रजीत, मग मराठीत येते. 'ळ' चा 'ल', 'ण' चा 'न' झालेला असतो, आडनाव गळतं, 'तलासरी' काहीतरी भलतंच होतं. शिपाई 'असा इसम येथे राहत नाही' असं लिहून गेला की फेरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात आधीच जाऊन सांगून ठेवायचं: या बोटीवरचे आमच्या हद्दीतले अमुक खलाशी, ही त्यांची महसुली गावं, हे पाडे, हे कागद, हे माझे नंबर. यादीतलं नाव थोडं वेगळं असलं तरी मला बोलवा. पडताळणीचा अहवाल ठाण्यातून कधी निघाला, जावक क्रमांक काय, हे लिहून घ्या आणि पुढच्या टेबलावर त्या क्रमांकाने विचारा. नुसतं 'आमच्या माणसाचं काय झालं' विचारलं तर उत्तर मिळत नाही.

१ जानेवारी आणि १ जुलैला परराष्ट्र मंत्रालय आकडे जाहीर करतं. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे म्हणून दाखवले, भारताने आपल्याकडचे ८१ पाकिस्तानी मच्छीमार दाखवले. दोन्हीकडच्या सुटका एकमेकांशी बांधलेल्या असतात. कच्छच्या तुरुंगात अडकलेल्या सिंधच्या कोळ्याचा कागद लवकर निघावा, असं म्हणणं आपल्याही फायद्याचं आहे. त्याच्या घरीही अशीच धावपळ चाललेली असते.

घर चालवायचं कसं

गुजरात सरकार पाकिस्तानात अडकलेल्या मच्छीमारांच्या कुटुंबाला रोज ३०० रुपये देतं. महाराष्ट्रानेही अशी दैनिक मदत सुरू केली आहे. तिचा आजचा दर आणि अटी पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. अडचण बँक खात्याची येते: मदत पत्नीच्या नावावर हवी असते आणि तिचं बँक खातं किंवा लग्नाचा दाखला नसतो. विवाहनोंद नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि दोघांचं नाव असलेलं रेशन कार्ड जोडा. खातं आधारला जोडून घ्या. खलाशी अविवाहित असेल तर आई किंवा वडील अर्ज करतील.

मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा ५ लाखांचा आहे, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी. पकडलं जाणं त्यात येत नाही. उचल फिटेपर्यंतचा पगार आणि पकडलं गेल्यावरचे पैसे यावर मालकाशी बोलणं घरी ठेवलेल्या त्या चिठ्ठीच्या आधारे करा, मच्छीमार मंडळाच्या माणसांसमोर करा, आणि ठरेल ते कागदावर घ्या.

तुरुंगात मृत्यू झाला तर मृतदेह आणायलाही कागदांचा तोच प्रवास असतो. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका खलाशाचा मृतदेह घरी यायला सुमारे दीड महिना लागला. अशा वेळी खासदार आणि जिल्हाधिकारी दोघांकडे रोज फोन करावा लागतो. शोकात बुडालेल्या घरच्यांवर ते सोडू नका, गावातल्या दोघांनी वाटून घ्या.

बोटीचं काय

पकडलेल्या बोटी कराचीत नांगरून पडतात. लाकडी बोटीला वर घेऊन रंग-डांबर केलं नाही की दोन पावसाळ्यांत ती कुजते. २०१५ मध्ये पाकिस्तानने ५७ बोटी परत केल्या, त्याला अपवादच म्हणायचं. मालकाने करायची कामं अशी: मत्स्यव्यवसाय खात्याला कळवून त्या नोंदणीवरचा डिझेल कोटा थांबवा, नाहीतर त्याच्या गैरवापराचा ठपका आपल्यावर येतो. कर्ज असेल तर बँकेला पहिल्याच महिन्यात मत्स्यव्यवसाय खात्याच्या पत्रासह कळवा, हप्ते थकल्यावर नाही. विम्याची पॉलिसी काढून 'जप्ती आणि ताबा' वगळलेला आहे का ते वाचा. बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो.

सुटका आणि नंतर

सुटका एकेकट्याची क्वचितच होते, तुकडीने होते. मे २०२३ मध्ये १९८ मच्छीमार एकदम आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. आपली वकिलात तात्पुरतं प्रवासपत्र देते, एधी फाउंडेशन या पाकिस्तानी सेवाभावी संस्थेची माणसं कराचीहून लाहोरपर्यंत सोबत करतात, वाघा-अटारीवर ताबा मिळतो, मग गुजरातच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी त्यांना वेरावळला नेतात. अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली, त्यामुळे तारीख आणि मार्ग मंत्रालयाकडून कळल्यावरच काय ते ठरवा. घरच्यांनी अमृतसरला धाव घेऊ नये. तिथे भेटू देत नाहीत आणि पैसे संपतात. वेरावळला जायला एक माणूस पुरे. पालघरचे खलाशी तिथून पुढे आपापले यावे लागतात, तेव्हा तिकिटाची सोय कोण करणार हे मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आधी विचारा.

आल्यावर पोलीस आणि इतर यंत्रणा जबाब घेतात. दोन-तीन दिवस लागू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रवासपत्राची प्रत मागून घ्या. दैनिक मदतीचा शेवटचा हिशेब तिच्यावरच्या तारखेने होतो. ग्रामीण रुग्णालयात छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि रक्त तपासून घ्या, गर्दीच्या बराकीत क्षयरोग लागतो. तुरुंगात मागे राहिलेल्यांची नावं, बाप, गाव, कोण आजारी आहे, हे त्याला पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून काढा, आणि त्या त्या घरी व ज्या कार्यालयांत आधी अर्ज दिले होते तिथे पोचवा.